नाल्यावरच्या चाळीस शिंदी

रूपरावांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की एक तर ती गोष्ट तडीला जाते, नाहीतर समोरचा माणूस तरी हात टेकतो. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये सत्तावीस वर्षं कापसाच्या काट्यावर बसून त्यांना दोन सवयी लागल्या होत्या. प्रत्येक गोष्ट मोजून बोलायची, आणि एकदा बोललेलं परत घ्यायचं नाही. निवृत्त होऊन ते सेलूजवळच्या आपल्या गावी परतले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी नाल्यावरची शिंदीची झाडं मोजली. चाळीस भरली.

"या चाळीस झाडायवर अख्खं गाव पोसल्या जाईन," त्यांनी पानठेल्यावर जाहीर केलं. "पानाचा आंगण झाडाले फडा होते, चटई होते, नवरदेवाचं बाशिंग होते. शिंदोळ्या पोट्टे खातेत. मुळं नाल्याची दरड धरून ठेवतेत. वरतं सुगरणीचे बेचाळीस खोपे हायेत. अन् पहाटे उतरवली तर नीरा! सांगा, याच्यात वाया जाते काय?"

वाया काहीच जात नव्हतं, हे गावालाही मान्य होतं. अडचण वेगळीच होती. गावातल्या जुन्या माणसांनी शिंदीचा फक्त शेवटचा उपयोग पाहिलेला होता, आणि तोही पहाटेचा नव्हे. पहाटे गोड असलेला रस उन्हं तापली की आंबतो, फेसाळतो आणि पिणाऱ्याला बैलगाडीचे दोन बैल चार दिसू लागतात. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होऊन पन्नास वर्षं झाली. नाल्यावरच्या शिंदींना मात्र ते कोणी कळवलेलं नव्हतं.

म्हणून नशाबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष मनकर्णाबाईंनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, की नाल्यावरची चाळीसही झाडं मुळासकट काढावीत. मनकर्णाबाई म्हणजे साधं काम नव्हे. वीस वर्षांत त्यांनी तीन गावांतल्या मोहाच्या भट्ट्या स्वतःच्या काठीने फोडल्या होत्या. त्यांची काठी दिसली की रिकामी मडकीसुद्धा दचकायची. सरपंचांनी सांगून टाकलं, "बाईनं अर्ज मागं घेतला तर झाडं राह्यतीन. नाई तर सोमवारी जेसीबी."

रूपराव तडक मनकर्णाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बाई, रविवारी तुमचा मेळावा हाय. चहाच्या जागी नीरा ठेवतो. परवाना हाय माह्याजवळ, आठ महिने खेटे घालून आणला. गोड नाई लागली, तर पहिल्या झाडावर कुऱ्हाड मीच मारीन."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी मी पिऊन पाहीन. सगळ्यायच्या समोर. मंगच बायायले."

"मंजूर," रूपराव म्हणाले.

झाडावर चढायचं काम नत्थू मडावीचं. त्याच्या आजापासून घरात ही विद्या होती. शिंदीच्या अंगाला कुठे आणि किती खाच द्यायची, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. मडक्यांचं खातं रूपरावांनी स्वतःकडे घेतलं. नीरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावावा लागतो. तो त्यांनी बारा मडक्यांना एकसारखा लावला, अंगणात मडकी उपडी घातली आणि निर्धास्त मनाने मंडप पाहायला निघून गेले. निर्धास्त मन ही माणसाला फार महागात पडणारी वस्तू आहे.

शनिवारी संध्याकाळी नत्थूने मडकी झाडांना बांधली आणि रविवारी पहाटे उतरवली. कडाक्याची थंडी होती. रूपरावांनी घोटभर चाखली. मधासारखी गोड! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीसही झाडं त्यांना तिथल्या तिथे वाचलेली दिसली. ओल्या पोत्यांत गुंडाळून बारा मडकी मंडपामागे नेली. मेळावा नऊचा होता. साडेनऊपर्यंत सगळं पिऊन व्हायला हवं होतं.

प्रमुख पाहुणे भैयाजी यायचे होते. भैयाजी तालुक्याचे पुढारी. नऊ वाजता त्यांचा फोन आला, "निघालोच." दहा वाजता आला, "निघालोच." अकरा वाजता फोन आला तेव्हा पलीकडून अंघोळीच्या बादलीचा आवाज येत होता. पाहुण्यांच्या आधी काही प्यायचं नाही, हा मनकर्णाबाईंचा नियम. रूपराव दर दहा मिनिटांनी पोत्यांवर पाणी मारत होते आणि सूर्याकडे असं पाहत होते, जसं वजनात काटा मारणाऱ्याकडे पाहावं.

बारा वाजता त्यांनी एका मडक्यावरचं फडकं उचललं. आत फेस होता. फेस हलत होता. मडकं हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होतं.

त्यांनी बोट बुडवून चाटलं. आंबट! चुना असताना हे होणं शक्य नव्हतं. त्यांनी मडक्यात हात घालून आतली भिंत चाचपली. गुळगुळीत!

"आनंदा!" त्यांनी बायकोला मंडपामागे बोलावलं. "मडक्यायच्या आत चुना होता ना?"

"चुना होता तो?" आनंदाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, जुनी घाण बसून हाय. मनकर्णाबाई वाकून पाह्यतीन, मंग आपली इज्जत काय राह्यते? राख अन् काथ्या घेऊन बाराही घासले. खांदे भरून आले माहे."

रूपराव नत्थूकडे वळले. "अरे, तुले तं दिसलं असंन ना, चुना नाई मनून?"

"दिसलं ना भाऊ."

"मंग बोलला काऊन नाई?"

नत्थू शांतपणे म्हणाला, "मी मनलं, नशाबंदीचा कार्यक्रम हाय. चुना तंबाखूच्या खर्ऱ्यात पडते. मनून तुमीच काढला असंन."

बायकोने इज्जतीसाठी चुना काढला होता आणि नत्थूने तत्त्वासाठी तो नसलेला चालवून घेतला होता. दोघांच्या मिळून पुण्याईने नशाबंदीच्या मेळाव्यात आता बारा मडकी शिंदीची दारू तयार होती.

खरं सांगावं, तर उद्या जेसीबी. न सांगावं, तर आजच तुरुंग. रूपरावांनी तिसरा मार्ग काढला. मडकी फोडायची. चुकून फुटल्यासारखी. मडकीच नाहीत म्हटल्यावर चव कसली घेणार? मग पुढच्या रविवारची मुदत मागून घ्यायची.

ते लक्ष नसल्यासारखे सरळ मडक्यांच्या तिवईवर जाऊन आदळले. पण तिवई मजबूत निघाली. एक मडकं फुटलं आणि रूपराव स्वतःच चिखलात बसले. आवाज ऐकून मंडळाच्या बाया धावत आल्या.

"अवो, लागलं का तुमाले? इतक्या मेहनतीची नीरा, पाहा बरं!" त्या कळवळल्या. "आता एक बी मडकं फुटू देत नाई आमी." आणि अकरा बायांनी अकरा मडकी उचलून, लेकरू घ्यावं तशी मांडीवर घेतली.

रूपराव उठले. हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते मनकर्णाबाईंकडे गेले.

"बाई, ऊन लय झालं. आज नीरा नको. चहा ठेवतो मी."

"काऊन? बिघडली काय?"

"बिघडली अशी नाई..."

"बिघडली मंजे दारू झाली, असंच ना?" मनकर्णाबाईंचा हात काठीकडे सरकला. "खरं सांगा. दारू झाली?"

चाळीस झाडं, बेचाळीस खोपे आणि नाल्याची दरड रूपरावांच्या डोळ्यांपुढून सरकली. आयुष्यात त्यांनी काट्यावर मासाभर खोटं केलेलं नव्हतं.

"छ्या," ते म्हणाले. "नीराच हाय."

एक वाजता भैयाजी आले. हार झाले, दीप लागला. मनकर्णाबाईंनी पेला उचलला. आठ दिवसांच्या सर्दीने त्यांचं नाक चोंदलेलं होतं, आणि जन्मात त्यांनी दारूचा थेंब चाखलेला नव्हता. कशाशी ताडून पाहणार? त्यांनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. अख्ख्या मंडपात पेल्याशिवाय काही हलेना. रूपरावांनी खांब घट्ट धरून ठेवला होता.

"जरा आंबट-गोड हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पण मस्त हाय. घशाले लय बरं वाटलं. द्या सगळ्यायले."

भैयाजींनी पेला तोंडाला लावला आणि ते एकदम गंभीर झाले. मंडपात या विषयातलं ज्ञान असलेले ते एकटेच होते. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग रूपरावांकडे पाहिलं. त्या नजरेत मोठा आदर होता.

"शुद्ध नीरा," ते म्हणाले. "पुष्कळ वर्षांनी. अजून एक पेला."

पुढच्या दीड तासात काय काय झालं, ते रूपराव आजही घाबरत घाबरत सांगतात. बायांनी तीन-तीन पेले घेतले. 'नशा सोडा, संसार जोडा' ही घोषणा सुरू झाली ती थांबेचना, आणि हळूहळू तिला चाल लागली. मग फेर धरला गेला. मनकर्णाबाईंनी अकरा वर्षांपासून अबोला धरलेल्या आपल्या जावेला मंडपाच्या मध्यावर मिठी मारली, आणि दोघी शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणात चूक कोणाची होती यावर नव्याने भांडल्या. या वेळी प्रत्येकीचं म्हणणं होतं की चूक आपलीच! भैयाजींनी भाषणात व्यासपीठाचे, मंडळाचे, माइकवाल्याचे आणि शेवटी मंडपाच्या खांबांचे एकेक करून आभार मानले. दर खेपेला रूपराव मडकं ओढून न्यायला जात आणि दर खेपेला एखादी बाई त्यांचा हात बाजूला सारत म्हणे, "राहू द्या ना भाऊ, तुमी बसा. दमले तुमी."

शेवटी मनकर्णाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या. काठी त्यांनी कुठेतरी ठेवली होती, आणि ते बरंच झालं.

"मी आजवर शिंदीच्या झाडाले शिव्या देल्या," त्या म्हणाल्या. "माही चूक झाली. इतकं गुणाचं झाड! हे पिलं तर मन कसं हलकं होते, जाऊ-जाऊ बोलतेत, पाय दुखत नाई. अन् दारू पिणारे मूर्ख नाई त काय? गावात नीरा असून दारू पितेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंचांच्या हातातला अर्ज घेऊन त्यांनी तिथल्या तिथे फाडला. चाळीस शिंदी वाचल्या. रूपराव खांबाला टेकून रडले. लोकांना वाटलं, आनंदाने. थोडंसं तेही होतंच.

त्या संध्याकाळी रूपरावांनी नवा चुना आणला, मडक्यांना दोन-दोन हात दिले आणि ती नत्थूच्या हातात देईपर्यंत तिथून हलले नाहीत. केलेलं खोटं त्यांना बोचत होतं. त्यावर उपाय एकच होता. उद्यापासून गावाला खरी नीरा पाजायची. खरी चव कळली की आजची आपोआप विसरली जाईल.

सोमवारी सकाळी सहाला नाल्यावर पहिल्या गिऱ्हाईक म्हणून मनकर्णाबाईच आल्या. डोकं जरा जड होतं, सर्दीमुळे असेल, असं त्यांनी सांगितलं. रूपरावांनी दोन्ही हातांनी पेला पुढे केला. थंडगार, नितळ, मधासारखी गोड नीरा. अशी नीरा जिल्ह्यात दुसरीकडे शोधून सापडली नसती.

मनकर्णाबाईंनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"रूपरावजी, पाणी टाकलं याच्यात?"

"नाई बाई. शंभर टक्के नीरा हाय."

"मंग कालची काय होती?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं असतं तर पेला, मडकी आणि रूपराव, सगळ्यांचं भवितव्य एकत्रच ठरलं असतं. ते मडक्यावरचं फडकं नीट करू लागले. मनकर्णाबाईंनी स्वतःच विचार केला. वीस वर्षं अध्यक्षपद सांभाळलेली बाई ती, तिला उत्तर सापडायला वेळ लागत नाही.

"काल आमी दुपारी पिलो," त्या म्हणाल्या. "सकाळी कच्ची राह्यते हे. दुपारपर्यंत पिकू द्या. एक वाजता येतो मी, मंडळाच्या बाया घेऊन."

"दुपारपर्यंत उरत नाई, बाई," रूपराव घाईने म्हणाले. "चाळीसच झाडं हायेत. सकाळीच संपते सारी. काल मेळाव्यासाठी राखून ठेवली होती."

"चाळीस पुरत नाई?"

"नाई ना."

"मंग लावा!"

मनकर्णाबाई तडक ग्रामपंचायतीत गेल्या. आठ दिवसांत ठराव झाला, की नाल्याच्या दोन्ही काठांनी पाचशे शिंदी लावाव्यात आणि त्यांची निगा नशाबंदी महिला मंडळाने राखावी. आज तिथे हिरवे कोंब डोकं वर काढून उभे आहेत. पुराची माती धरू लागले आहेत. त्यांना पाणी घालायला मनकर्णाबाई रोज स्वतः जातात आणि रूपराव दिसले की लांबूनच विचारतात, "किती दिवस लागतीन अजून?"

शिंदी नीरा द्यायला लागायला सात-आठ वर्षं लागतात. म्हणजे खरं काय ते सांगायला रूपरावांच्या हाताशी अजून बराच वेळ आहे. पहिली चार वर्षं तर वाक्य कुठून सुरू करायचं, हे ठरवण्यातच जातील, असा त्यांचा अंदाज आहे.