गोल चेहऱ्याला टोपी नको

"दोन मापं मोठा घ्या. पुढच्या हिवाळ्यातही झाला पाहिजे. गुडघ्याखाली यायला हवा. पांढरा नको. आणि बटणं ओढून बघा," नुहा फोनवर सांगत होती.

"अगं, कोट घेतोय, घोडा नव्हे!" बुरहानसाहेब म्हणाले. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मुलीचं मनगट, अशा अवस्थेत ते जबल अल-हुसेनच्या बाजारातल्या एका कपड्यांच्या दुकानात उभे होते.

"घोडा परवडला. त्याला खोकला होत नाही. मी अम्मानमध्ये असते तर तुम्हाला पाठवलंच नसतं."

नुहा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी करकला माहेरी गेली होती आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडीची लाट यायची होती. रेडिओवर सकाळपासून दुसरा विषय नव्हता. अर्धं शहर रोट्यांच्या पिशव्या घेऊन घरी पळत होतं आणि उरलेलं अर्धं या दुकानात शिरलं होतं. अकरा वर्षांच्या जुमानच्या गेल्या वर्षीच्या कोटाच्या बाह्या आता तिच्या कोपरापर्यंतच यायच्या, म्हणून आज कोट घेणं भाग होतं.

पण बुरहानसाहेब नुसत्या कोटासाठी आले नव्हते. ते सावध होऊन आले होते. गेल्या काही महिन्यांपासून जुमान शाळेचं दप्तर पाठीवर न घेता पोटाशी धरायला लागली होती. वर्गाच्या फोटोत ती पहिल्या रांगेतून आपण होऊन शेवटच्या रांगेत गेली होती. तोंडाने काही बोलली नव्हती. पण बुरहानसाहेब एका सरकारी कचेरीच्या तक्रार विभागात एकोणीस वर्षं बसत होते. न केलेली तक्रारही त्यांना ऐकू यायची. आपल्या मुलीला आज कुणी एक अक्षर बोललं तर त्याची खैर नाही, असं ठरवूनच त्यांनी दुकानात पाऊल टाकलं होतं.

मुलींच्या विभागात रबाबबाई होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात मापाची पट्टी, केसांत दोन पेन्सिली. त्यांनी जुमानला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, मांडणीवरून एक लांब काळा कोट काढला आणि तिला तो चढवता चढवता बुरहानसाहेबांच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "हाच घ्या, भाऊ. वय वाढीचं आहे. गडद आणि लांब असलं की सगळं लपतं. मुलींना जरा धीर येतो."

"काय लपतं?" बुरहानसाहेबांनी विचारलं. हळूच नव्हे.

"म्हणजे... थोडं पोट वगैरे. या वयात असतंच."

"काय लपवायचंय तिला? कुणाचं काही चोरलंय का तिनं?"

पलीकडच्या रांगेतल्या दोन बायका हँगर हातात धरून थांबल्या.

"बाबा," जुमान म्हणाली.

"तू गप्प. मी तुझ्या वतीने बोलतोय."

"मी माझ्या मनाचं नाही सांगत, भाऊ," रबाबबाई जरा दुखावून म्हणाल्या. "दुकानाने रीतसर छापलंय." आणि त्यांनी खांबाकडे बोट केलं. तिथे गुलाबी कागदावर फुलांच्या चौकटीत एक फलक होता: 'हिवाळा आणि आत्मविश्वास. आठ ते बारा वर्षांच्या मुलींसाठी खास सल्ला.'

बुरहानसाहेबांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीतच त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. हे एकट्याने वाचून सोडून देण्यासारखं नव्हतं, याला साक्षीदार हवे होते. कचेरीत बहिऱ्या म्हाताऱ्यांना अर्ज वाचून दाखवायचे त्या आवाजात ते वाचू लागले.

"ऐका हो, ऐका! 'गोल चेहऱ्याला टोपीचा कोट नको, चेहरा आणखी गोल दिसतो.' म्हणजे गोल चेहऱ्याच्या पोरींनी पावसात डोकं भिजवायचं! 'आखूड मानेला उंच कॉलर टाळावी.' मानेला सर्दी झाली तरी चालेल! 'पोट असल्यास उभ्या रेघा घ्याव्यात.' रेघा! आठ वर्षांच्या पोरीला! लाज वाटायला हवी!"

दुकान शांत झालं. बुरहानसाहेबांना वाटलं, लोकांचा विवेक जागा होतोय. मग मागून एक बाई म्हणाली, "उभ्या रेघांचे कुठे ठेवलेत?"

"अहो ताई, मी निषेध करतोय!"

"करा की. पण जरा सावकाश वाचा. आखूड मानेचं काय म्हणालात?"

"सावळ्या रंगाला काय लिहिलंय, तेही बघा ना," दुसरी म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना एकेक मुलगी लटकली होती.

"ताई, हा सल्ला नाही, हा अपमान आहे!"

"हो, पण सावळ्या रंगाला काय?"

"'विटकरी'," फलक जवळून पाहायला आलेली तिसरी बाई म्हणाली, आणि दोघी विटकरी कोटांकडे धावल्या. बुरहानसाहेब जितकं तावातावाने वाचत होते तितक्या मांडण्या रिकाम्या होत होत्या. रबाबबाईंच्या एका हातात सहा कोट, दुसऱ्या हातात आठ. त्यांच्या तोंडावर गेल्या कित्येक हिवाळ्यांत आलं नव्हतं असं तेज आलं होतं. "पुढचंही वाचा हो, भाऊ," त्या म्हणाल्या, "खाली बुटांचं आहे."

"बाबा, ऐका ना," जुमानने बाही ओढली.

"एक मिनिट, बाळ!"

तेवढ्यात गल्ल्याजवळ एक नऊ-दहा वर्षांची मुलगी रडायला लागली. आईने तिच्या अंगातला उंच कॉलरचा निळा कोट उतरवायला घेतला होता. "मला हाच हवा!" मुलगी हुंदके देत होती. "माझी मान आखूड नाहीये!"

"आता आहे ती आहे," आई म्हणाली आणि बुरहानसाहेबांकडे वळली. "तुम्हाला काय गरज होती हो मोठ्याने वाचायची? आजवर तिला माहीत नव्हतं. चांगली हसतखेळत आली होती पोर!"

"मी? मी वाचलं म्हणून? लिहिणारा बाजूला राहिला आणि मी..." बुरहानसाहेबांनी चष्मा काढून हवेत नाचवला. "तक्रारवही! तक्रारवही आणा!"

"आमच्याकडे तक्रारवही नाही," रबाबबाई म्हणाल्या. "आजवर कुणी तक्रार केली नाही."

"वहीच नाही तर करणार कुठे?" ते गरजले. "चल, जुमान! बर्फ गळ्यापर्यंत आला तरी या दुकानातून एक मोजा घ्यायचा नाही!"

"पण बाबा..."

"एक शब्द नको!"

त्यांनी तिचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत, मान ताठ ठेवून ते दाराबाहेर पडले. दारातल्या चोरी पकडणाऱ्या दोन्ही खांबांनी एकदम किंचाळायला सुरुवात केली.

क्षणभर बुरहानसाहेबांना वाटलं, ही घंटासुद्धा आपल्याच बाजूने ओरडते आहे. मग दारावरच्या रखवालदाराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी खाली पाहिलं. जुमानच्या अंगात तो लांब काळा कोट होता, आणि बाहीला किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

"हेच सांगत होते," जुमान म्हणाली.

सगळं दुकान दाराशी गोळा झालं. "पुढे भाषण, मागे कोट," कुणीतरी म्हणालं. आखूड मानेच्या मुलीची आई म्हणाली, "मला आधीच संशय आला होता. एवढा आरडाओरडा भला माणूस करत नाही."

दुकानाचे व्यवस्थापक अदीब त्यांना माडीवरच्या खोलीत घेऊन गेले. रॉकेलच्या शेगडीवर चहा उकळत होता, पण त्यांनी तो विचारला नाही.

"अर्धा तास मी वरून तुमचा आवाज ऐकतोय, साहेब. करता काय आपण?"

"मी तक्रार विभागात आहे," बुरहानसाहेब म्हणाले. एरवी हे वाक्य ते छाती काढून म्हणायचे.

"छान. मग हीसुद्धा लिहून घ्या. आमची तक्रार आहे. तुमच्याविरुद्ध." अदीबनी फोनकडे हात नेला. "पोलिसांना बोलावू, की..."

बुरहानसाहेब खुर्चीत पुढे सरकले. एकोणीस वर्षांत लोक त्यांच्या टेबलापलीकडे बसून 'साहेब, तसं नाही हो' म्हणायचे. आज ते स्वतः तेच म्हणाले, आणि ते किती पोकळ वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"काका, मी सांगू?" जुमान म्हणाली. ती खुर्चीवर नीट बसली. "बाबांनी चोरला नाही. त्यांनी बघितलंच नाही मी काय घातलंय ते. मला हा कोट पहिल्यापासून आवडला होता. मी तीन वेळा सांगायला गेले."

"हा?" बुरहानसाहेब उडालेच. "त्या बाईने काय म्हणून दिला ते ऐकलंस ना?"

"तिने काहीही म्हणून देऊ दे. बसमधली सीट गार असते, हा बुडाखाली येतो. बाह्या मोठ्या आहेत, हातमोजे हरवले तरी चालतात. आणि आत एवढा मोठा खिसा आहे की सँडविच दाबलं जात नाही." मग वडिलांकडे न बघता, कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाली, "आणि बाबा, पोटाचं त्या मावशी हळू आवाजात म्हणाल्या होत्या. तुम्ही ओरडून सांगितलंत. सगळ्या दुकानाला."

शेगडीवरचा चहा उतू गेला. अदीबनी फोनवरचा हात काढला आणि उगाच शेगडीची वात खाली-वर केली. ज्याच्यावर संतापावं असा माणूस बुरहानसाहेबांनी खोलीभर शोधला, आणि तो एकच होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. इतकं हळू की जुमानला पुढे वाकावं लागलं.

पोलीस आले नाहीत. कोटाचे पैसे भरले गेले. कोट चढवताना जुमानच्या अंगावरून काढून ठेवलेली तिच्या आईची जांभळी शाल रबाबबाई घडी करून घेऊन आल्या. जुमानने त्यांना विचारलं, "मावशी, तो कागद तुम्ही लिहिला?"

"मी कशाला लिहू? मला तीन मुली आहेत," रबाबबाई म्हणाल्या. "मालकांच्या मेव्हण्याने लिहिलाय. त्याला मूलबाळ नाही, म्हणून वेळ असतो."

बुरहानसाहेबांच्या कानशिलाची शीर पुन्हा उडाली. त्यांनी तोंड उघडलं, जुमानकडे पाहिलं आणि मिटलं.

बाहेर लाट एक दिवस आधीच येऊन पोचली होती. बर्फाचे बारीक कण पावसात मिसळून तोंडावर सुयांसारखे बसत होते. टॅक्सी एकामागून एक भरून जात होत्या. जुमान काळ्या कोटात नाकापर्यंत बुडून, डोक्यावर कोटाची टोपी ओढून मजेत उभी होती. पातळ जाकिटातल्या बुरहानसाहेबांचे दात वाजत होते.

"बाबा, तुमचा जाड कोट कुठे आहे? तो राखाडी?"

"घरी."

"का?"

बुरहानसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्यात मी... ऑफिसात हसतात. म्हणतात, गॅसचं सिलिंडर चालत आलं."

जुमान हसली नाही. तिने पिशवीतून आईची जांभळी शाल काढली, वडिलांना खाली वाकायला लावलं, आणि डोक्यावरून, कानांवरून, मिशांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट गाठ मारली.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. कान गरम झाले ना?"

कान गरम झाले होते. आणि काय आश्चर्य, पुढचीच टॅक्सी करकचून ब्रेक लावत त्यांच्यासमोर थांबली. काच खाली आली. "या, या, आजी! भिजताय किती! मी तर पुढे निघालो होतो, पण म्हातारं माणूस दिसलं आणि पाय ब्रेकवरच गेला. पोरी, हात धर आजीचा."

बुरहानसाहेब जागच्या जागी ताठ झाले. ही मात्र हद्द होती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात मागून चार माणसं हात हलवत याच टॅक्सीकडे धावत येताना दिसली. बुरहानसाहेबांनी श्वास सोडला, शाल नाकावर ओढली आणि जुमानच्या हाताचा आधार घेत, जरा लंगडत, मागच्या सीटवर बसले.

गाडी चढावर लागली. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. "रागावू नका आजी, पण या वयात असल्या थंडीत पातळ जाकीट? जाड कोट नाही का घरी?"

"आहे ना, काका," जुमान म्हणाली. "पण तो घातला की जाड दिसते, असं तिला वाटतं."

"घ्या!" ड्रायव्हर मनापासून चिडला. त्याने स्टिअरिंगवर थाप मारली. "कुणी भरवलं हे डोक्यात? नाव सांगा मला त्याचं! आजी, तुम्ही उद्यापासून कोट घालायचा. आणि कुणी काही बोललं ना, तर सरळ तक्रार करायची!"

शालीच्या आतून आजींनी मान डोलावली.