भांड्यावरचं नाव

तेजरामजी कोणाच्याही घरी पाणी पितात ते पेला डोक्याच्या वर धरून, त्याचं बूड वाचून झाल्यावर. पेला भरलेला असतो. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी हेच केलं आणि निम्मं पाणी माझ्या मेहुण्याच्या नव्या सदऱ्यावर गेलं. तेजरामजी शांतपणे म्हणाले, "नावगाव तं पाहू द्या जी."

लग्नातल्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, पण घरची माणसंसुद्धा ती कधी वाचत नाहीत. तेजरामजी वाचतात. गोंदियात ते आमचे शेजारी, धानाची शेती कामठ्याला. माझ्या बायकोच्या हातची भाजी कशी झाली होती हे त्यांना सांगता येणार नाही, पण ती वाढलेली वाटी तिच्या मावशीनं दिली होती हे ते आजही सांगतील.

या खोडीच्या मुळाशी एक पितळी गुंड आहे. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर. काकू, म्हणजे त्यांची बायको, माहेरी गेल्या असताना दारावर भंगारवाला आला. गुंड जड, काकूंची कंबर दुखायची, म्हणून तेजरामजींनी तो देऊन प्लास्टिकच्या दोन घागरी घेतल्या आणि वर स्वतःवर खूशही झाले. गुंड काकूंना लग्नात अर्जुनी मोरगावच्या मामानं नाव घालून दिलेला होता.

"आली, पायलं, अन् काई बोलली नाई," ते सांगतात. "बोलली असती तं बरं झालं असतं."

काकूंना जाऊन आता काही वर्षं झाली. भंगारवाला जाताना म्हणाला होता, "सब पीतल बंबई जाता है." तेजरामजींनी एवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्यामुळे मी भाच्याच्या साखरपुड्यासाठी मुंबईला निघालो, तेव्हा तेही पिशवी घेऊन स्टेशनवर हजर. त्यांना समुद्र पाहायचा नव्हता, चोरबाजार पाहायचा होता.

शनिवारी सकाळी गेलो. जुन्या बोटींवरचे कंदील, भोंग्याचे ग्रामोफोन, बंद पडलेली घड्याळं, दरवाजाच्या कड्या. तेजरामजी यातल्या कशाकडेही न बघता भांडी उलटी करत पुढं चालले होते.

"नाव काय शोधायचं?" मी विचारलं.

"मोरगावचे मामा."

"आणि काकूंचं नाव?"

ते एका घंगाळात डोकं घालून बसले. सगळा संसार 'आमच्या घरची' म्हणत गेलेला, आता भर बाजारात नाव कुठून घेणार?

एका दुकानदाराला वाटलं, हा कोणी मोठा पारखी आहे. त्यानं चहा मागवला. तेजरामजींनी भरला ग्लास वर उचलून त्याचं बूड पाहिलं, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. त्यानं आतल्या खोलीतली पितळी भांडी बाहेर काढली. गुंड तीन-चार होते, सगळे लखलखीत आणि कोरे. अक्षरं निघाली ती फक्त एका तांब्यावर. 'चि. इंदू हीस आत्याकडून.'

"चाचा, ये नाम घिसवा देता हूँ," दुकानदार म्हणाला. "दूसरे का नाम किसी को नहीं चाहिए."

"सबका घिसते क्या?"

"सबका. ये छूट गया."

तेजरामजी तिथल्याच एका मोडक्या खुर्चीवर बसले. मला त्यांची फार दया आली. थोड्या वेळानं ते उठले, भाव न करता तांब्या घेतला आणि म्हणाले, "नाम को हाथ मत लगाना."

परतीच्या गाडीत त्यांनी तो मांडीवरच ठेवला होता.

परवा त्यांच्याकडे गेलो, तर त्याच तांब्यातून पाणी आलं.

"वाचा जी," ते म्हणाले.

मी तांब्या फिरवला. इंदूच्या खाली ताजी अक्षरं होती, आमच्या बाजारातल्या भांडेवाल्याकडून घालून आणलेली. 'भागरता हीस मामाकडून.'

"जोरानं वाचा."

मी मोठ्यानं वाचलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"इंदूचं पुसून घ्यायचं होतं ना," मी म्हणालो.

"कायले?" तेजरामजी म्हणाले. "तिचा माणूस बी कोठं तरी गिलास उलटे करत फिरून राहिला असन."