सातव्या मजल्यावरची दाढ

"आठवडा पुरे," गोडबोल्या म्हणाला. "नोटीस नको, वकील नको. नुसती जीभ पुरे."

ऑफिसात त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. बांधकाम कंपनीत लोकांना जागा सोडायला राजी करायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते तो अशा काही गोडीगुलाबीनं करायचा की लोक घर सोडून वर त्याचेच आभार मानत. एका दुकानदारानं तर दुकान रिकामं करताना त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. आता असं यश मिळालं की माणसाची मान थोडी ताठ होणारच. गोडबोल्याची तर अशी ताठ झाली होती की त्याला स्वतःचे बूट दिसत नसत.

प्रकरण होतं शहराच्या ऐन मध्यावरच्या जुन्या टॉवरचं. कंपनीला तो वीस मजली टॉवर पाडून तिथे साठ मजली काचेची इमारत उभारायची होती. तिची प्रतिकृती साहेबांच्या टेबलावर मांडलेली असे. बोटभर झाडं, नखाएवढ्या मोटारी, आणि मधोमध ती उंच इमारत. साहेब बोलता बोलता तिच्यावरून मायेनं हात फिरवत. पण तिचं भवितव्य लटकलं होतं एकाच गिऱ्हाइकावर. एका मोठ्या विमा कंपनीच्या मालकीणबाई वरचा अर्धा भाग घेणार होत्या. त्या घेणार म्हणूनच बँका पैसा लावणार होत्या. आणि बाईसाहेबांचं म्हणणं एकच होतं: आधी जुनी इमारत रिकामी झालेली दाखवा, मग पुढचं बोलू.

इमारत रिकामी झाली होती. राहिली होती फक्त सातव्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण. तिला समजवायला आधी दोघं जाऊन आले होते. पहिला हात हलवत परतला. दुसरा परतला तो दात चकचकीत साफ करून घेऊन, आणि वर साहेबांना सांगू लागला की बाईंचा हात फार हलका आहे. तेव्हा कुठे गोडबोल्यानं वरची प्रतिज्ञा केली.

दुसऱ्या दिवशी तो नव्या इमारतीचं गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक घेऊन निघाला. टॉवरमध्ये शुकशुकाट. भिंतींवर जिथे पाट्या होत्या तिथे पांढुरके चौकोन उरलेले. एकच लिफ्ट चालू होती, तीही कण्हत कुंथत. पण सातव्या मजल्यावरचं दार ढकललं आणि तो थबकला. आत बसायला जागा नव्हती. निम्मं शहर गालाला हात लावून तिथे बसलं होतं.

टेबलाशी डॉक्टरीणबाईंची थोरली नणंद बसत असे. दवाखान्याचा कारभार तिच्या हातात, आणि तिच्या नजरेपुढे दुखरा दातसुद्धा गप्प बसे. गोडबोल्यानं आपण कोणत्या कंपनीचे, कोणत्या कामासाठी आलो, हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हसत हसत सांगितलं. लग्नात आगंतुकाकडे बघावं तसं बसलेल्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आत फक्त दातवाले जातात," नणंद म्हणाली. "इमारतीचं नंतर."

नंतर म्हणजे कधी, ते तिनं सांगितलं नाही. अर्धा तास उभा राहिल्यावर गोडबोल्यानं नाइलाजानं गालाला हात लावला आणि आपली दाढ ठणकतेय असं ठोकून दिलं. कोणती, म्हणून तिनं विचारलं. त्यानं हाताला लागली ती दाखवली.

आत गेल्या गेल्या त्यानं बोलायला सुरुवात केली. हवापाणी झालं, शहराची प्रगती झाली, डॉक्टरीणबाईंच्या हाताची कीर्ती झाली. तो मुद्द्यावर येणार, तोच त्या ठेंगण्या बाईनं त्याला हलकेच मागे रेलवलं, दिवा डोळ्यांवर आणला आणि आरसा तोंडात घातला. मग एकच दाढ तीन-तीनदा ठोकून पाहिली.

"किती दिवस ठणकतेय ही?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. आरसा बाहेर येताच त्यानं कबूल केलं की खरं म्हणजे ती कधीच दुखली नाही.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मेलेली दाढ दुखत नसते."

गोडबोल्याला दरदरून घाम फुटला. त्याला काही सुचायच्या आत इंजेक्शन देऊन झालं. बघता बघता जीभ, ओठ, गाल सगळं परक्याचं झालं. ज्या जिभेच्या जोरावर तो आला होता ती तोंडात ओल्या पायपुसण्यासारखी पडून राहिली. तरी गडी जिद्दी. त्यानं छातीवरचं माहितीपत्रक उचलून दाखवलं आणि सगळं बळ एकवटून म्हणाला, "ही इमारत पाडायची आहे." निदान त्याला म्हणायचं तेच होतं. बाहेर पडलं ते असं: "ई इआअ आआयई आए."

"पाडायची?" डॉक्टरीणबाईंनी माहितीपत्रक त्याच्या हनुवटीखाली नीट खोचलं, लाळ टिपायला. "अहो, लगेच पाडायची कशाला? मुळं धड आहेत. वरून खचलीय, एवढंच."

त्यानं जोरजोरात मान हलवली. दाढ नव्हे, इमारत, असं त्याला सांगायचं होतं.

"नाही ना पाडायची? मग झालं तर."

पुढे ड्रिल सुरू झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय, हे गोडबोल्याला त्या खुर्चीत कळलं. तासाभरानं तो गाल धरून बाहेर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आतूनच सांगितलं, "वन्सं, यांना गुरुवारची वेळ द्या. पाडायची नाही म्हणतात."

बाहेरच्या खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं. मग एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनी गोडबोल्याचा हात दोन्ही हातांत घेतला. कंपनीचा स्वतःचा माणूस म्हणतो की पाडायची नाही, म्हणजे शहराची ही जुनी इमारत वाचली, असा त्यांनी सरळ अर्थ लावला होता. एका आजींनी त्याला आशीर्वाद दिला. गोडबोल्याला खुलासा करायचा होता, पण तोंडातून नुसती लाळ आली. त्याला भरून आलंय असं वाटून आजींनी स्वतःचा रुमाल दिला.

संध्याकाळी घरी साहेबांचा फोन आला. गोडबोल्या सोफ्यावर गालाला बर्फ लावून पडला होता. फोन बायकोनं घेतला. नवऱ्याला बोलता येत नाही हे सांगायची तिला लाज वाटली, म्हणून ते बाहेर गेलेत म्हणाली. साहेबांनी विचारलं, सातव्या मजल्यावरचं काम कुठवर आलं? तिला सातव्या मजल्यावरचं एकच काम ठाऊक होतं.

"पहिल्याच दिवशी आतपर्यंत पोचले म्हणे," ती उत्साहानं म्हणाली. "सगळं साफ करायला घेतलंय. गुरुवारी उरलंसुरलं निघून जाईल."

सोफ्यावरून गोडबोल्या दोन्ही हात हलवत होता. बायकोला वाटलं त्याला आणखी बर्फ हवाय.

साहेब खूश झाले. वाघ आहे वाघ, असं चार जणांना सांगितलं आणि गुरुवारचंच आमंत्रण बाईसाहेबांना धाडलं.

गुरुवारी गोडबोल्या पुन्हा खुर्चीत होता. या खेपेला दाढेला चिमटा, चिमट्यावर रबराचा पडदा, पडद्यावर दिवा. बाहेर साहेब बाईसाहेबांना एकेक रिकामा मजला दाखवत खाली खाली येत होते. विसावा, एकोणिसावा, अठरावा. प्रत्येक दार ते जादूगारासारखं उघडत आणि आत काही नसे. बाईसाहेब समाधानानं मान हलवत. सातव्या मजल्यावर साहेबांनी तसंच दार उघडलं आणि आतून पंधरा-वीस माणसांनी एकदम वर पाहिलं.

साहेबांचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. एवढ्यात ते शिक्षक पुढे झाले आणि इमारत न पाडल्याबद्दल त्यांनी साहेबांचे सर्वांतर्फे आभार मानले.

बाईसाहेबांनी एक भुवई उंचावली. "पाडणार नाही? हे कोण म्हणालं?"

तुमचाच माणूस म्हणाला, तो काय आत बसलाय, असं एकदम चार-पाच जणांनी सांगितलं. बाईसाहेब सरळ आत गेल्या. मागून साहेब धावले. खुर्चीत आपला वाघ जबडा वासून पडलेला पाहून ते दारातच अडखळले.

"काय हो," बाईसाहेबांनी गोडबोल्याला विचारलं, "खरंच पाडायची गरज नाही?"

गोडबोल्या म्हणाला, "आ."

डॉक्टरीणबाई कामात असल्या की मान वर करत नसत. पेशंटचं कुणी नातेवाईक आलं असावं, असं समजून त्यांनी उत्तर दिलं. "मुळीच नाही. पाया पक्का आहे. वरून कळा गेलीय म्हणून लोक घाबरतात आणि पाडायला धावतात. आतलं किडकं काढायचं, नीट भरायचं, वर टोपी चढवायची. तुमची हयात जाईल, पण हिला काही व्हायचं नाही."

बाईसाहेब बाहेर येऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या. खिडकी उघडून पाहिली. ती उघडली याचंच त्यांना नवल वाटलं, कारण त्यांच्या काचेच्या ऑफिसात एकही उघडत नसे. लिफ्ट कशी आहे, म्हणून त्यांनी नणंदेला विचारलं.

"कुरकुरते," नणंद म्हणाली. "पण मीही कुरकुरते. काम थांबत नाही."

बाईसाहेब हसल्या आणि साहेबांकडे वळल्या. नवी इमारत व्हायला चार-पाच वर्षं लागणार, तोवर माझी माणसं कुठे बसवू, हा घोर मला कधीपासून लागलाय, त्या म्हणाल्या. हीच इमारत आतून नवी करून द्या, वरचे दहा मजले मी या वर्षातच घेते. तुमचा माणूस स्वतःचं नुकसान करून खरं बोलतो, अशा कंपनीशी व्यवहार करायला मला आवडेल.

साहेबांची दातखीळ बसली. आपलेच दात, आपलेच ओठ, करतात काय? शेवटी कसंबसं हसून त्यांनी हात पुढे केला.

चार दिवस साहेब ऑफिसात कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बँकेचा होकार आला आणि सहाव्या दिवशी साहेब बैठकीत सांगू लागले की साठ मजल्यांबद्दल त्यांना पहिल्यापासून शंकाच होती. प्रतिकृती कोठीच्या खोलीत गेली. इमारत आतून नवी करायचं सगळं काम गोडबोल्याकडे आलं, बढतीसकट. त्याची दूरदृष्टी साहेबांनी भर सभेत वाखाणली. टाळ्या वाजल्या. गोडबोल्याला पुन्हा बूट दिसेनासे झाले.

दाढेवर टोपी बसवायला तो शेवटच्या खेपेला गेला तेव्हा बाहेर खोलीत कुणीच नव्हतं. काम दहा मिनिटांत आटोपलं. आता जीभ मोकळी होती, वेळ होता, ऐकायला डॉक्टरीणबाई आणि नणंद दोघी होत्या. गोडबोल्यानं इतके दिवस तुंबलेलं भाषण एकदाचं सोडलं. काळजी करू नका, म्हणाला. मी आहे. सातवा मजला तुमचाच. नवी फरशी घालून देतो, नवी लिफ्ट देतो. तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही, हा माझा शब्द.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सांगितलं नाहीस यांना, वहिनी?" नणंदेनं विचारलं.

"यांनी विचारलंच कुठे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून जरा ओशाळं हसल्या. "अहो, आम्ही उद्या निघतोय. समोरच्या गल्लीत तळमजल्यावर जागा मिळालीय. म्हाताऱ्या पेशंटांना लिफ्टची भीती वाटते ना. तुमचे पहिले दोघं आले तेव्हा जागा नव्हती, म्हणून नाही म्हटलं. तुम्ही आलात तेव्हा आमचा इथला शेवटचा दिवस होता. म्हणून तर एवढी गर्दी होती."

"मग गेला का नाहीत?" गोडबोल्यानं विचारलं. त्याचा आवाज कुठून तरी खोलातून आला.

"कशी जाणार? खुर्ची एकदा उचकटली की महिनाभर बसत नाही. बाकी सगळ्यांचं झालं होतं, गुरुवारी आले ते आम्ही अजून आहोत हे कळल्यावर आलेले. तुमची एकट्याची दाढ अर्धी उघडी होती."

लिफ्टनं खाली येईपर्यंत गोडबोल्यानं सगळा हिशेब मनाशी जुळवला. तो त्या दिवशी घरी झोपून राहिला असता, तरी सातवा मजला रिकामा झाला असता. साठ मजले उभे राहिले असते. ते पाडले कुणी, तर एका न दुखणाऱ्या दाढेनं.

रस्त्यावर आला आणि खिशात फोन वाजला. साहेब होते. डॉक्टरीणबाईंना नव्या फरशीचं सांगितलंस का, काय म्हणाल्या, सगळं सविस्तर सांग, असं ते म्हणत होते.

गोडबोल्यानं तोंड उघडलं. मग गालाला हात लावला.

"आए, ओआआ येअ आई," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

टोपी बसवायला इंजेक्शन लागत नाही, हे साहेबांना कुठे ठाऊक होतं.