भागिरथाबाईच्या भुवईवरचा ठिपका

मेडशीत भागिरथाबाईच्या नजरेला तोड नव्हती, असं भागिरथाबाईच सांगायची. शेजारच्या बाया सुईत दोरा ओवून घ्यायला तिच्याकडेच यायच्या. त्यामुळे शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली ती तपासून घ्यायला नव्हे, शाबासकी घ्यायला. सिनेमाच्या तंबूत अंधारात बसलं की डोळा ठणकतो आणि कंदिलाभोवती रंगीत कडी दिसतात, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती शेजारच्या गोजराबाईची दृष्ट, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी कानशिलाकडून डोळ्यावर बॅटरी मारली आणि नुसतं 'हूं' केलं. कंपाउंडरनं भुवईवर जांभळ्या औषधाचा ठिपका लावला आणि तिला व्हरांड्यातल्या एकुलत्या एका खुर्चीत नेऊन बसवलं. बाकीच्या बाया खाली धुळीत.

"पहिला नंबर भेटला मले," खुर्चीतून तिनं जाहीर केलं.

गोजराबाईला हे कसं सोसावं? तिनं वर्गातल्या दौतीत बोट बुडवलं आणि भुवईवर टेकवलं. तिचं पाहून मागचीनं, मागचीचं पाहून तिच्या मागचीनं. कंपाउंडर बाहुल्या मोठ्या करायच्या थेंबांची बाटली घेऊन आला, तर अख्खी रांग ठिपकेवाली! आता तो ठिपका म्हणजे खूण होती, की या डोळ्यात हे थेंब चुकूनही घालायचे नाहीत. पण हे बायांना सांगितलं होतं कुणी? कंपाउंडरनं वैतागून स्पिरिटच्या बोळ्यानं सगळ्यांची कपाळं पुसली, त्या भरात भागिरथाबाईचंही, आणि तिची मान मागे करून थेंब घालायला गेला.

तिनं त्याचं मनगटच धरलं. थेंब या बायांले टाक, मले डाक्टरनं खुर्ची देली हाय, म्हणून तिनं जो कालवा केला, तो ऐकून डॉक्टर धावत आले. पुन्हा बॅटरी मारली. नाकाकडचं अर्धं बुबुळ सावलीत. डॉक्टरांनी आधी कंपाउंडरच्या हातातली बाटली काढून घेतली.

"बाई, डोळ्यातलं पाणी जायची वाट तुमची फार अरुंद आहे. या थेंबांनी ती बंदच झाली असती. अंधारात डोळा दुखतो का?"

भागिरथाबाईनं गोजराबाईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दुखते. आंधळी होईन काय मी?"

अकोल्याला येऊन बुबुळाला बारीकसं छिद्र करून घेतलं तर नाही होणार, असं डॉक्टर म्हणाले. अकोला म्हटल्यावर तिला खुर्चीही टोचायला लागली.

"मी येतो संगं," गोजराबाई मागून म्हणाली. "एकटीले कायले धाडू तुले?"

गोजराबाईचे डोळे ठणठणीत निघाले, म्हणून तिला थेंब मिळाले, आणि बाहुल्या मोठ्या झाल्यावर उन्हात डोळे उघडवेनात. मग बऱ्या डोळ्यांच्या बाईचा हात धरून अधू डोळ्यांची बाई घरी निघाली. वाटेत काहीतरी चांगलं बोलावं, असं भागिरथाबाईच्या फार मनात होतं. पण समोरून एक म्हैस आली.

"पदर घे वं," ती म्हणाली, "तुहे भासरे येऊन राह्यले."

थोरल्या दिराचं नाव ऐकताच गोजराबाईनं पदर पुढे ओढला, वाट सोडली आणि म्हैस जाईपर्यंत मान खाली घालून उभी राहिली. मग कानाशी येऊन म्हणाली,

"आज पेले नाहीत वाटते. सरळ चालून राह्यले."