अण्णांचा खालचा आकडा

माझ्या पुतणीच्या लग्नात उत्तमअण्णा सोळुंके आहेर द्यायला स्टेजवर चढले. नवरदेव कॉम्प्युटरवाला आहे एवढं त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी पाकीट नवरदेवाच्या हातात दिलं, पण सोडलं नाही. एक टोक स्वतःच धरून ठेवलं आणि विचारलं, "जावईबापू, तुमच्याकडं ग्राफिक्स कार्ड कोणतं हाय? वरचं सोडा. खाली किती पडतं ते सांगा." मागे साठ माणसं रांगेत उभी. नवरदेवाला वाटलं, आमच्याकडचा काही मानपानाचा प्रकार असेल. तो बिचारा सासऱ्याकडे बघायला लागला.

अण्णा उस्मानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, बरोबर माझ्या वर. मूळचे देवगाव रंगारीचे. सरकारी मोजणी खात्यात नोकरी आणि लोकांचे बांध मोजण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्त झाले आणि मोजायला काही उरलं नाही. तेवढ्यात मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि गेम खेळायचा कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. मुलाच्या आठवणीने माणूस व्याकूळ वगैरे होतो. अण्णांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडून आतलं कार्ड मोजायला घेतलं.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. गेममधलं चित्र म्हणजे सेकंदाला भराभर काढलेल्या चित्रांची रांग. ती काढण्याचं काम हे कार्ड करतं. चित्रं पुरेशी निघाली की सगळं सुरळीत, कमी पडली की पडद्यावर हिसके. कंपन्या जाहिरातीत सरासरी सांगतात, आणि सरासरीवर अण्णांचा भयंकर राग. "सरासरीच्या नादी लागू नका सर," ते मला सांगायचे. "सरासरी पाऊस दरसाली चांगलाच असतो. कागदावर." त्यामुळे कार्ड अगदी अडचणीत आल्यावर सेकंदाला किती चित्रांवर येतं, हा त्यांचा खालचा आकडा. बाजारातल्या प्रत्येक कार्डाचा खालचा आकडा आणि किंमत त्यांनी मोजणीच्या जुन्या वहीत आखून लिहिलेली होती. कुणी सल्ला मागितला की वही उघडायची, रुपयाला काय पडतं ते बघायचं आणि निकाल द्यायचा, "थांबा. भाव उतरू द्या." हा निकाल मी कधी बदललेला पाहिला नाही. कॉम्प्युटरचे भाग विकणाऱ्या सलीमच्या दुकानात जाऊनही ते गिऱ्हाइकांना हेच सांगायचे. सलीम एकदा हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुम लेते नै तो मत लो, लेकिन मेरे गिराकां को तो मत भगाओ."

नवं घ्यायचं नाही म्हटल्यावर जुन्याकडूनच जास्त काम काढणं आलं. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कार्ड जोरात पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. अण्णांच्या शब्दांत, "सहानंतर बसवून घ्यायचं, पगार तोच." सहानंतर बसवलेलं कार्ड साहजिकच तापायचं. उन्हाळ्यात तर ते इतकं तापे, की अण्णांनी घरातला कूलर माणसांकडून काढून त्याच्याकडे वळवला. सोसायटीत यावर बरंच बोललं गेलं. मीच सगळ्यात जास्त बोललो.

गंमत अशी की अण्णा गेम खेळत नसत. प्रयागकाकूंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, दोन्ही गुडघे गेलेले. सोसायटीला लिफ्ट नाही. दोन वर्षं काकू जिना उतरलेल्या नव्हत्या. म्हणून रोज दुपारी चहा झाला की अण्णा त्यांना गेममधून फिरायला न्यायचे. घोडा, डोंगर, नदी, झाडी. तलवारी घेऊन कुणी मारायला आलं की अण्णा घोडा वळवून पळ काढायचे, कारण काकूंना मारामारी आवडत नाही. "हे वावर कोणाचं हो?" काकू विचारायच्या. "बांध सरकवलाय कोणीतरी," अण्णा पडद्याला नाक लावून सांगायचे. पण चित्राने हिसका दिला की काकूंना चक्कर यायची, आणि चक्कर आली की फिरणं बंद. सगळी खटपट एवढ्यासाठी होती: काकूंचं फिरणं थांबू नये.

हे ऐकूनही मी थट्टा सोडली नाही. उलट जोर चढला.

त्या वर्षी पाऊस दुसऱ्यांदा चुकला. नळाला पाणी सहाव्या दिवशी यायचं. शहर मात्र चारी बाजूंनी वाढत होतं, आणि नव्या बिल्डिंगांना नावं कुठली, तर नद्यांची नि सरोवरांची. त्यांच्या फाटकासमोर टँकरची रांग. अशा दिवसांत अण्णांनी कार्ड थंड ठेवायला पाणी फिरवायची नळ्यांची व्यवस्था बसवून घेतली. लिटरभर पाण्याचा मामला. सलीमने बजावलं होतं, "अण्णा, बॅटरी का पानी डालना. दूसरा नै." बॅटरीचं म्हणजे क्षार काढलेलं, बाटलीत विकत मिळतं ते. पण अण्णा अडले. "लोकं हंडे घेऊन उभे हायेत, अन् मी मशीनला विकतचं पाणी पाजू व्हय?" नळाचं तर प्यायचं, त्याला हात लावणं त्यांना पाप वाटलं. मग त्यांनी तत्त्वाला जागून आमच्या बोअरचं पाणी भरलं.

आमच्या बोअरचं पाणी कसं आहे ते सोसायटीतल्या प्रत्येक गिझरला विचारा. बादलीला पांढरा थर येतो, नळाच्या जाळ्या महिन्यात बुजतात. चार तालुके मोजलेल्या माणसाला एवढं सुचलं नाही. महिनाभरात क्षार साचून नळ्या तुंबल्या, पाणी फिरायचं थांबलं आणि ऐन मे महिन्यात कार्डाने मान टाकली. मी ही बातमी खालपासून वरपर्यंत प्रत्येक मजल्यावर स्वतः पोचवली. गच्चीवर टाकीजवळ उभं राहून अण्णांच्या आवाजात सांगितली, लोक पोट धरधरून हसले.

तिसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात भेटले. काखेत मोठं खोकं. धाप लागलेली. मी खोक्यावरचं नाव वाचलं आणि मला उकळ्याच फुटल्या. हे कार्ड मला माहीत होतं. अण्णांच्या वहीत ते लाल शाईने फुली मारलेलं होतं, कारण कामाच्या मानाने त्याच्याइतकं महाग दुसरं कुठलंच नव्हतं.

"अण्णा, हे? भाव उतरू द्यायचा होता की."

"दुसरं कोणतं शिल्लक नव्हतं. नवीन माल पंधरा दिवसांनी येणार म्हणला सलीम."

"मग थांबायचं पंधरा दिवस. काकूंना कुठं गाडी पकडायची आहे?"

अण्णा पायरीवर बसले. खोकं मांडीवर घेतलं.

"तिला दिसत नाय सर," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"शुगरनं डोळे खाल्ले. दवाखान्यात चल म्हणलं तर येत नाय. म्हणती, मला सगळं झ्याक दिसतंय. मागच्या महिन्यात मी म्हणलं, बघ, नदीच्या कडंला मोर आलाय. मोर काय नव्हता. मोकळंच होतं. तर म्हणली, व्हय, लई गोड हाय, पिसारा बघा की." त्यांनी उपरण्याने मान पुसली. "तिला वाटतं, मला ठावं नाय. म्हणलं, राहू दे."

खाली पाण्याच्या मोटारीचा आवाज सुरू होता. मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण माझी जीभ थट्टेलाच चटावलेली, ती दुसरं काही बोलायला वळेना. मी विचारलं ते हे, "मग अण्णा, त्यांना दिसतच नाही तर एवढं महागाचं कार्ड कशाला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बांध कुठून जातो ते अडाणी माणसाला समजावून सांगावं तसं.

"ती विचारती ना सर, आता पुढं काय हाय म्हणून. मला नीट दिसाया नको?"

आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मी खोकं त्यांच्याकडून घेतलं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन दिलं. दार काकूंनीच उघडलं, भिंतीला धरत धरत. आवाजाच्या रोखाने चेहरा वळवून त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही लई वाळलात हो."

मी म्हणालो, "होय काकू, जरा वाळलोय खरा."