नानाभाऊंच्या अर्जातली त्रुटी

आमच्या शेजारच्या नानाभाऊंना लग्नपत्रिका द्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा ती पत्रिका घेऊनच परत येतो. उभी हयात तहसील कचेरीत गेली. निवृत्त झाले तरी खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. माझ्या बहिणीच्या पत्रिकेवर त्यांचा शेरा होता, 'मुहूर्त पावणेबारा, दिवसा की रात्री, नमूद नाही. पूर्तता करून फेरसादर करावी.' पूर्तता केली, तेव्हा कुठे जेवायला आले.

"कागदात त्रुटी नाही पाह्यजे, मास्तर," हे त्यांचं पालुपद. "माह्या हातचा अर्ज आजवर वापस आला नाही."

मुलगा विनय बँकॉकला नोकरीला. वहिनी वारल्यावर नानाभाऊंना घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी उरलेले दिवस विनयजवळ काढायचं ठरवलं. विनय फोनवर म्हणाला, "बाबा, निवृत्त लोकांचा व्हिसा लय किचकट असते. वकिलाबिगर होत नाही. राहू द्या."

"वकील काऊन लागते? अर्ज आहे, फाशीची केस नाही!" असं म्हणून नानाभाऊ रोज संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडू लागले. हत्तीरोग नसल्याचा डॉक्टरचा दाखला हवा म्हटल्यावर त्यांनी पायजमा वर करून आपल्या काटक्या मला दाखवल्या. "हे पाय पाहूनबी शंका येते काय त्यायले?" कुणी मागितला नसताना शेताचा सातबारा जोडला. "माणूस ठावठिकाण्याचा आहे, कळू दे त्यायले." फोटोवर आडवी सही करण्यापासून मी त्यांना कसंबसं थांबवलं. बँकॉकचं नाव निघालं की मलकापुरातल्या पानठेल्यावर पोरं एकमेकांना कोपर मारून हसत. नानाभाऊ मात्र विनयच्या आवडीचे ज्वारीचे पापड करून घेण्यात गुंतलेले.

आणि व्हिसा मंजूर झाला! नानाभाऊंनी माझ्यासमोरच विनयला स्पीकरवर फोन लावला.

"झालं बे काम! वकिलाबिगर!"

 पलीकडून विनयचा आवाज आला, "बाबा, मले वाटलं नव्हतं, होईल म्हणून. इथं दोनच खोल्या आहेत. हिलेबी नाही विचारलं मी."

"हो, हो. बराबर आहे तुहं," नानाभाऊ म्हणाले. "जेवला काय तू?"

फोन ठेवून ते चपला घालून गेले. मला विनयचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. एका पोरानं विचारलंच, "नानाभाऊ, कधी निघता बँकॉकले?"

"कायचं निघतो! अर्ज वापस आला."

"तुमचा? वापस?" पोरं हसायचीच विसरली.

"हाव," नानाभाऊ चुन्याच्या डबीकडे बघत म्हणाले. "माह्याच हातून त्रुटी राह्यली. पोरगं बिचारं तिकडं वाट पाहून राह्यलं."