सहा रिकाम्या खुर्च्यांची मोहीम

"आता वाजवलं काय आणि नाही वाजवलं काय, या घरात सारखंच."

ऐसे उद्गार खासे मामंजी यांनी मागल्या खोलीत क्लॅरिनेट पुसता पुसता काढिले, आणि ते थोरल्या सूनबाईंच्या कानी पडिले, कारण त्या हातभर अंतरावर उभ्या राहून इस्त्री करीत होत्या. उद्गारांत भिण्याजोगे फारसे नव्हते. भिण्याजोगा होता तो आवाज. मामंजींची उभी हयात छापखान्यातील यंत्रांच्या खडखडाटात गेली, तेणेकरून त्यांस हळू बोलणे ठाऊक नाही. ते चहा मागतात तेव्हा समोरच्या इमारतीतही आधण चढते. ऐसा पुरुष पुटपुटला, ही गोष्ट अघटित. मग ते ऐसेही बोलिले की रविवारी महोत्सवात वाजवू तो शेवट, पुढे वाद्य पेटीत आणि पेटी माळ्यावर. सूनबाईंचा हात इस्त्रीवर थबकला, आणि एका सदऱ्याची कॉलर जळून जागीच कामास आली.

ऐशियास, शहराच्या कलामहोत्सवाचे धामधुमीत एका मध्यम घराण्याने पहिल्या रांगेवर चाल केली, तिचा साद्यंत वृत्तांत येथे लिहिला आहे. ज्यांनी पाहिले त्यांस पुसून लिहिला, आणि ज्यांनी पाहिले नाही तरी सांगितले, त्यांचे निम्मे वगळून लिहिला. कमीजास्त असेल ते वाचणारांनी सांभाळून घ्यावे, आणि घराण्यातील मंडळींनी वाचून रुसू नये.

कलहाचे मूळ ऐसे. मामंजी आणि त्यांचे दोघे स्नेही, एक शिंपी ते अकॉर्डियनवर आणि एक दातांचे डॉक्टर ते ड्रमवर, मिळून कैक वर्षे वाजवीत आले. त्यांत मामंजींचा लौकिक हळुवार वाजविण्याचा. बोलणे तोफेचे आणि वाजविणे पिसाचे, ऐसा हा विलक्षण पुरुष. रोज संध्याकाळी ते मागल्या खोलीत दार लोटून वाजवीत, आणि त्यांचे कुटुंब, म्हणजे घराण्याच्या आईसाहेब, स्वयंपाकघरातून निवाडा देत. निवाडा एवढाच की आज घाई केलीत, किंवा आज बरं झालं. तेवढ्याकरिता मामंजी वाजवितात, हे मामंजी खेरीजकरून सर्वांस ठाऊक होते.

पुढे दोन वर्षांखाली निवाडे बंद जाहले. आईसाहेबांचे कान फितूर झाले. प्रथम चिमण्या गेल्या, मग दारावरची घंटा गेली, मग क्लॅरिनेट गेले. आईसाहेब मानी, एवढा मुलूख हातचा गेला तरी त्यांनी खबर बाहेर लागू दिली नाही. कोणी काही पुसले की मान हलवून "हं, बघू" म्हणावे, आणि या दोन शब्दांवर दोन वर्षे राज्य चालले. नातवंडांनी "हं, बघू"च्या सनदेवर एक मांजर, एक सहल आणि भिंतीवर चित्रे काढण्याची मुभा मिळविली. टीव्ही इतक्या मोठ्याने चाले की खालच्या मजल्यावरच्या काकू आपला टीव्ही बंद ठेवून वर्तमान ऐकत, आणि काही चुकले तर दुसरे दिवशी जिन्यात विचारून घेत.

घरातील सर्वांस हे उमगले होते, आणि सर्वांनी न उमगल्याचे सोंग घेतले होते. खरोखर अंधारात होते ते एकटे मामंजी, कारण त्यांचे बोलणे आईसाहेबांस स्वच्छ ऐकू येई. सबब त्यांनी मनाशी ऐसे धरिले की आपले वाजविणे हिला आता नकोसे जाहले. पुसावे, तर तो त्यांचा स्वभाव नव्हे; सांगावे, तर तो आईसाहेबांचा नव्हे. मग एकाने वाजविणे कमी केले, दुसरीने भाजी जास्त निवडली, आणि दोघे आपापल्या जागी कष्टी राहिली.

सूनबाईंनी तातडीने मसलत भरविली. स्थळ स्वयंपाकघर. मसलतीस थोरले चिरंजीव, जे विमा विकतात आणि बोलण्यात कोणास हार जात नाहीत, आणि नणंदबाई, ज्या इस्पितळात परिचारिका आहेत आणि दुसऱ्यांच्या आईबापांस काहीही सांगू शकतात, ऐसे मुत्सद्दी हजर जाहले. बाहेरच्या खोलीत आईसाहेबांस ऐकू जाईल म्हणून नळ सोडून ठेविला आणि तिघे कुजबुजत बोलिले. ज्यांस ऐकू येत नाही म्हणून मसलत, त्यांस ऐकू जाईल म्हणून कुजबूज. परंतु हे त्या समयी कोणाचे ध्यानी आले नाही.

प्रश्न निघाला की मामंजींस खरे कोणी सांगावे. चिरंजीव म्हणाले की ताईने सांगावे, तिचा तो धंदाच आहे. नणंदबाई म्हणाल्या की मी आठवड्याने येणारी, वहिनी इथे चोवीस तास असते. सूनबाई म्हणाल्या की सासूच्या कानांविषयी सुनेने तोंड उघडावे, एवढे माझे दिवस फिरलेले नाहीत. मग चहा जाहला. मग ऐसा ठराव जाहला की सांगावे कोणीच नाही. आईसाहेबांस रविवारी पहिल्या रांगेत, थेट मामंजींच्या पुढ्यात बसवावे, म्हणजे चार सूर कानी जातील, त्या निवाडा देतील, मामंजी संतोष पावतील, आणि कोणाचीही अब्रू न जाता वाद्य माळ्याखाली राहील. ठराव एकमते मंजूर, कारण त्यात कोणासच काही बोलणे नव्हते.

रविवारी तिसरे प्रहरी कूच जाहले. आघाडीस सूनबाई आणि नणंदबाई, मध्ये आईसाहेबांची स्वारी ठेवणीतल्या पोशाखात, पिछाडीस चिरंजीव पाण्याच्या बाटल्या आणि उशी घेऊन. शहरात त्या दिवशी पाय ठेवावयास जागा नव्हती. चौकाचौकात नाटक, पदपथावर खडूची चित्रे, आणि त्या चित्रांवर पाय पडू नये म्हणून सारी रयत भिंतीस अंग चोरून चालत होती. एके ठिकाणी वाट चुकली. तेव्हा चिरंजीवांनी कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका गृहस्थास ग्रंथालयाची गल्ली पुसली. गृहस्थ अंगभर रुपेरी रंग लावून पुतळा जाहला होता, तो बोलेना. चिरंजीवांनी पुन्हा पुसले, मग अंमळ चढ्या आवाजात पुसले, मग माणुसकी उरली नाही ऐसे बोलून रागे भरले. नणंदबाईंनी त्यांस बाहीस धरून ओढिले, आणि पुतळ्याने डोळा न हलविता डावीकडे एक बोट दाखविले.

ग्रंथालयाच्या गल्लीत मंच लहानसा, त्यापुढे खुर्च्यांच्या रांगा. मोठ्या रस्त्यावर परगावच्या नामांकित गवयांचा तळ पडला होता, तिकडच्या भोंग्यांचा दणका मधून मधून गल्लीत शिरे. आणि पहिल्या रांगेत, मंचाच्या अगदी तोंडाशी, सहा खुर्च्या रिकाम्या. सूनबाईंचे डोळे लकाकले. मग त्यांनी खुर्च्यांवरची पाटी वाचली. पाटीवर एका कानाचे चित्र, त्यावर तिरकी रेघ, आणि खाली लिहिलेले की या जागा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी.

ऐसा किल्ला, ज्याचा दरवाजा सताड उघडा, आणि आत जाण्याची परवलीची खूण हीच की जी घराण्यात दोन वर्षे कोणी उच्चारिली नव्हती.

खुर्च्यांच्या रक्षणास बिल्ला लाविलेली एक स्वयंसेविका उभी होती. मुलगी गोड, हसतमुख, आणि तसूभर न हलणारी. प्रथम चिरंजीव शिष्टाईस गेले. त्यांनी आईच्या गुडघ्यांचे वर्णन ऐसे केले की आजूबाजूचे दोघे कळवळून उठले. मुलीने तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची देऊ केली, पाय लांब करता येतील म्हणाली. मग नणंदबाई गेल्या, आणि या वादकाच्या पत्नी आहेत ऐसा दाखला दिला. मुलीने वादकांच्या आप्तांची जागा दाखविली, ती खांबाआड होती. मग त्या मुलीने आपण होऊन, आईसाहेबांकडे पाहत, हळूच विचारिले,

"आजींना कमी ऐकू येतं का? तसं असेल तर सांगा फक्त, लगेच बसवते."

तिघेही शूर एकमेकांकडे पाहू लागले. नणंदबाईंस आपली चप्पल सैल वाटली. सूनबाईंनी आभाळाकडे पाहिले. आईसाहेब शेजारीच उभ्या राहून मंचाकडे पाहत होत्या. पण बोललेले त्यांस कळले तर, या धास्तीने चिरंजीव म्हणाले,

"छे छे, आईचे कान अगदी तिखट आहेत."

येणेप्रमाणे घराण्याने आपल्याच हाताने दरवाजा लोटून घेतला.

सूनबाई हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मनसुबा केला की आपणच बहिरे व्हावे, आधी स्वतः ठाणे घ्यावे, मग आईसाहेबांस ओढून घ्यावे. त्या जाऊन बसल्या. मुलीने पुसले, त्यांनी कानास हात लावून काय म्हणालात ऐसा आविर्भाव केला. मुलीने मोठ्याने पुसले, त्यांनी पुन्हा तोच केला. सोंग उत्तम वठले होते. इतक्यात त्यांच्या पिशवीत फोन वाजला, अगदी बारीक वाजला, आणि त्यांनी सवयीने तत्क्षणी काढून कानास लाविला. पलीकडून चिरंजीव पुसत होते की जमलं का. सूनबाई फोन पिशवीत टाकून उठल्या. हा पराभव त्या आजही स्वतःचा मानीत नाहीत, नवऱ्याचा मानितात.

मग सारी फौज पाचव्या रांगेत जाऊन बसली, आईसाहेबांपुढे एका उंच गृहस्थाची पाठ आली, आणि वादन सुरू जाहले.

शिंप्यांनी अकॉर्डियनचा भाता उघडिला, डॉक्टरांनी ड्रमवर हलका हात फिरविला, आणि मामंजींनी सूर लाविला. तो सूर ऐसा की मोठ्या रस्त्याकडे निघालेली माणसे गल्लीच्या तोंडाशी थांबली, आणि पुढे जायचे विसरली. समोरचा बेकरीवाला पिठाच्या हातांनीच दाराशी आला. एका बाईचे आइस्क्रीम विरघळून मनगटापर्यंत आले, तिचे लक्ष नव्हते. आणि सूनबाई मोहीम विसरल्या. हे सूर त्यांनी इतकी वर्षे भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्टीखालून ऐकिले होते. समोर बसून आज प्रथम ऐकिले. आपला सासरा इतका सुंदर वाजवितो, आणि आपण त्यास मध्येच हाक मारून गॅसवाला आला का ते विचारीत आलो, हे मनी येऊन त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते उन्हावर ढकलिले, ऊन तिकडे नव्हते.

आईसाहेब मात्र उंच गृहस्थाच्या खांद्यावरून मामंजींची बोटे पाहत होत्या. बोटे दिसत, सूर येत नसे. टाळ्या केव्हा वाजवाव्या ते शेजाऱ्यांच्या हातांकडे पाहून ठरवावे, हा त्यांचा नेम.

गाणे शेवटास आले. तेथे मामंजींची खास जागा: शेवटच्या ओळीआधी तिघेही थांबतात, आणि गल्लीभर नुसती शांतता. त्या शांततेत पुढच्या उंच गृहस्थाने कोट सावरण्यास दोन्ही हात वर केले. आईसाहेबांस वाटले की संपले. त्यांनी मनापासून, एकटीने, मोठ्याने टाळ्या वाजविल्या.

सारी गल्ली वळून पाहू लागली. मामंजींनीही पाहिले, आणि हिला केव्हा एकदा संपते ऐसे जाहले आहे, हे मनाशी धरिले. त्यांनी शेवटची ओळ वाजविली खरी, पण ती घरी परतणाऱ्या माणसासारखी वाजविली. लोकांनी टाळ्यांचा वर्षाव केला. अजून दोन गाणी बाकी होती. मामंजी खाली बसले आणि क्लॅरिनेटचे तुकडे उकलू लागले. शिंपी वाकून काही पुसत होते, डॉक्टर हाताने थांबा म्हणत होते. मामंजींची मान नकाराची हलली.

चिरंजीव, जे बोलण्यात कोणास हार जात नाहीत, ते पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवू लागले. नणंदबाईंनी सूनबाईंचा हात धरिला. इतुके दिवस जे कोणी बोलिले नाही, ते बोलण्याची याहून निकडीची वेळ नव्हती, आणि तरी कोणी बोलेना.

आईसाहेबांचे कान गेले होते, डोळे शाबूत होते. पेटीत काय जात आहे हे त्यांनी पाहिले, आणि भोवतालच्या तोंडांकडे पाहून आपल्या टाळ्यांचे काय जाहले तेही जाणिले. त्या उठल्या. चिरंजीव अडवावयास गेले, त्यांस कोपराने बाजूस सारिले. सूनबाई मागे धावल्या, त्यांचा पाय उशीत अडकला आणि उशी फाटली. आईसाहेब चार रांगा ओलांडून, कोणाच्या पायांवर पाय देत, कोणाची माफी न मागता, पहिल्या रांगेस गेल्या, कानाचे चित्र नीट निरखून पाहिले, पाटी उचलून मांडीवर घेतली आणि मधल्या खुर्चीत बसल्या. स्वयंसेविका लगबगीने आली आणि नियमाप्रमाणे तिने वाकून आपला प्रश्न पुसला.

येथे नमूद करण्यात येते की, महोत्सवाच्या रविवारी, दिवस मावळतेवेळी, ग्रंथालयाच्या गल्लीतील पहिली रांग घराण्याचे ताब्यात आली. घराण्यातील शूरांपैकी कोणीही ती जिंकिली नाही. मुत्सद्द्यांचे सर्व डावपेच व्यर्थ गेले. एक कॉलर आणि एक उशी कामास आली. आणि फत्ते केली ती ज्यांचे बहिरेपण लपविण्याकरिता एवढा खटाटोप केला, त्यांनीच. आईसाहेबांस मुलीचा प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी मंचाकडे तोंड करून, ज्यांस स्वतःचा आवाज कळत नाही त्या माणसांच्या खणखणीत आवाजात, मोठ्या रस्त्यावरच्या गवयांनाही जाईल ऐसे फर्माविले, ते शब्दशः येणेप्रमाणे:

"अहो, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. म्हणून काही म्हणत नव्हते. आता इथं पुढ्यात बसलेय, जरा मोठ्यानं वाजवा."